गायरानाची नोटीस आलीय, आज्ज्याच्या ताब्याचं काय करायचं?

बालाघाटचा_पोरगा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी कामाला चाकणला असतो, गाव बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या अंगाला. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगं कुणाला त्रास नको. परवा वडलांचा फोन आला. तलाठ्यानं घरी येऊन कागद दिला, वडलांचा अंगठा घेतला आणि गेला. कागदावर लिहिलंय की गायरानाच्या गटात तुमचं अतिक्रमण आहे, सात दिवसांत काढून घ्या, नाहीतर जमीन महसूल अधिनियम कलम ५० खाली काढण्यात येईल.

मागची गोष्ट सांगतो. आमचा आज्जा दादासाहेब गायकवाडांच्या ६४ च्या भूमिहीन सत्याग्रहात जेलात गेला होता. जेल मिळाली, जमीन नाही. मग बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून आणि सुकडी खाऊन वर्ष काढलं आणि ७३ च्या मिरगाला गावाच्या वरच्या अंगाचा तीन एकर मुरमाड तुकडा फोडला. गोटे वेचून बांध घातला, तो बांध अजून आहे. त्यावर आधी बाजरी, मग तूर, आता सोयाबीन. सातबाऱ्यावर मात्र आजही "सरकार गायरान" असंच आहे, आमचं नाव कुठंच नाही.

जवळ काय आहे तर आज्ज्याच्या पत्र्याच्या पेटीत दंडाच्या पावत्या. वडील म्हणतात, "दंड भरलाय म्हंजे सरकारनं आपल्याला मानलंय." गावातले म्हणतात, "तीस वर्षं ताबा असला की सरकारी जमीनबी आपली होती." दोन्ही ऐकून मला गोंधळायला झालंय. जाणकारांनी सांगा.

लातुरी_डाळ

सात दिवस म्हणजे वेळ नाही भाऊ. आजच वकील गाठा आणि स्टे घ्या. बाकी चर्चा नंतर.

सजा_सोडलेला

एकतीस वर्षं तलाठी होतो, आता निवृत्त. म्हणून आधी एक गोष्ट: घाबरू नका आणि पळतही सुटू नका. तुमच्या हातात आहे ती नोटीस आहे, आदेश नाही. नोटिशीला आधी लेखी उत्तर द्यायचं असतं. उत्तर आवक-जावकला देऊन पोच घ्या. तोंडी "साहेबांना भेटलो" याला दप्तरात किंमत नाही. पुढे तहसीलदारांच्या सहीचा आदेश निघालाच तर ६० दिवसांत प्रांताकडं (उपविभागीय अधिकाऱ्याकडं) अपील करता येतं, कलम २४७ खाली.

आता खरं काम. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून रडू नका, तिथं असणारच नाही. गाव नमुना १-ई मागा. सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणांची नोंदवही म्हणजे १-ई. कुणी, कोणत्या वर्षापासून, किती क्षेत्रावर, काय पेरलंय, हे त्यात लिहिलेलं असतं. तलाठी दरवर्षी फिरून ती भरतो, निदान भरायला हवी. माझ्या आधीच्या एका माणसाने पाच वर्षांची नोंद एकाच शाईने एकाच दिवशी भरली होती, ते पाहून मी कपाळाला हात लावला. तुमच्या आज्ज्याचं नाव कोणत्या सालच्या १-ई मध्ये पहिल्यांदा दिसतं, यावर तुमचा निम्मा खटला उभा आहे.

साल का महत्त्वाचं, तर दोन शासन निर्णय आहेत. एक २७ डिसेंबर १९७८ चा. तो १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या काळातल्या अतिक्रमणांसाठी. दुसरा २८ नोव्हेंबर १९९१ चा, त्यात १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणं मागासवर्गीय भूमिहीनांच्या नावे नियमानुकूल, म्हणजे कायदेशीर, करायची होती. तुमचं ७३ चं असेल तर तुम्ही पहिल्याच खिडकीत बसता. त्या वेळी अर्ज केला होता का, हे वडलांना विचारा. अर्जाचा निकालच लागला नसेल तर तो आजही पडून आहे, असं म्हणता येतं.

बालाघाटचा_पोरगा

काका, लई उपकार. अर्जाचं वडलांना नक्की आठवत नाही. "एकनाथ आव्हाडांची माणसं आली होती, कागद भरून घेतले होते" एवढंच म्हणतात. म्हणजे नव्वदीनंतरचं असणार.

सजा_सोडलेला

आव्हाडांच्या मानवी हक्क अभियानाची माणसं असणार. त्या काळात बीड, परभणीकडं त्यांनी गठ्ठ्यांनी अर्ज भरले होते. आम्ही तलाठी तेव्हा वैतागायचो, आज कबूल करतो की ते गठ्ठे नसते तर बऱ्याच जणांकडं दाखवायला कागदच नसता. तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधा. माहिती अधिकारात "अर्ज मिळाला का" असं विचारू नका, "सापडत नाही" एवढंच उत्तर येतं. "अमुक गावच्या अतिक्रमण नियमानुकूल प्रकरणांच्या नोंदवहीची प्रत द्या" असं मागा.

उसना_काळा_कोट

वकिली करतो, खंडपीठातही जाणं-येणं असतं. वडलांच्या आणि गावाच्या म्हणण्यात नेमका घोळ कुठं आहे तो सांगतो, कारण दर महिन्याला एक तरी पक्षकार हाच घोळ घेऊन येतो.

तीस वर्षांचं गावकरी सांगतात ते हवेतलं नाही. मुदतीच्या कायद्यात खासगी मालकाविरुद्ध १२ वर्षं आणि सरकारविरुद्ध ३० वर्षं अशी मुदत आहे. पण त्यासाठी ताबा मालकाला धुडकावून केलेला लागतो. "ही जमीन माझी, सरकारचा संबंध नाही", असं उघड म्हणत तीस वर्षं बसलेला माणूस. तुमचा आज्जा काय करत होता? दरवर्षी दंड भरत होता. म्हणजे दरवर्षी लिहून देत होता की जमीन सरकारची आहे, मी तिच्यात घुसलोय. असा धुडकावून केलेला ताबा म्हणजे विरुद्ध कब्जा, त्याचा दावा त्या पावतीनेच मेला.

आणि तीच पावती नियमानुकूल करण्याच्या अर्जात तुमचा सगळ्यात भारी पुरावा आहे. तिथं तुम्हाला हेच सिद्ध करायचंय की ७३ पासून आम्ही या सरकारी जमिनीवर राबतोय आणि सरकारला ते माहीत आहे. एकच पावती, एका दारात तुम्हाला बाहेर काढते, दुसऱ्या दारात आत घेते. दोन्ही दारं एकदम ठोठावू नका. मी असे दावे पाहिलेत ज्यात पहिल्या परिच्छेदात "आम्ही मालक" आणि सातव्या परिच्छेदात "आमचं अतिक्रमण नियमित करा". समोरचा सरकारी वकील फक्त हे दोन परिच्छेद वाचून दाखवतो आणि खाली बसतो.

स्टेचं बोलायचं तर दिवाणी कोर्टात सरकारविरुद्ध दावा करायचा म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. तातडी असेल तर कोर्टाची परवानगी काढून सूट मिळते. पण आधी महसुली वाट संपवा.

शेळ्या_राखतो

सगळे जण अतिक्रमण करणाऱ्याचंच बोलायलेत. माझं पण ऐका. माझ्याकडं चाळीस शेळ्या आन दोन गाई. गावचं गायरान कागदावर मोठं, पायाखाली किती तर बाभळीचा एक पट्टा. बाकी कुणी खाल्लं? गरिबानं तीन एकर घेतलं ते दिसतं. ज्याची पन्नास एकर बागायत गायरानाला लागून हाय त्यानं दरसाल बांध चार हात पुढं सरकवला, ते १-ई मधी हाय का बघा. नसतंय. आन आता उरलेल्यात सोलरचे पत्रे बसायलेत. शेळीनं काय काच खायची का?

उसना_काळा_कोट

दादा, तुमचं म्हणणं सुप्रीम कोर्टानेच २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात मांडलंय. गावाची सामायिक जमीन, तळी, चराऊ रानं बळकावणाऱ्यांना काढा, कितीही वर्षं झाली आणि कितीही खर्च करून बांधलं असलं तरी काढा, असा तो निकाल. त्यावरून आपल्या राज्याने १२ जुलै २०११ ला गायरानाबद्दल शासन निर्णय काढला. पुढं ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हा राज्यात गायरानावर सव्वादोन लाखांच्या आसपास अतिक्रमणं असल्याचा आकडा समोर आला. धागाकर्त्याला आलेली नोटीस त्याच लाटेची शेपटी आहे.

पण जगपाल सिंगचा शेवट बरेच अधिकारी वाचत नाहीत. त्यात अपवाद लिहिलाय: शासनाच्या एखाद्या आदेशाखाली भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना जमीन दिलेली असेल, किंवा त्या जागेवर आधीच शाळा, दवाखाना असेल, तर नियमित करता येईल. म्हणून म्हणतो, धागाकर्त्याने उत्तरात ७८ आणि ९१ चे शासन निर्णय आणि हा अपवाद, तिन्ही एकत्र मांडावेत. बांध सरकवणाऱ्या बागायतदाराला हा अपवाद मिळत नाही.

सोलरचं खरं आहे. सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारी जमिनी नाममात्र भाड्याने गेल्यात. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

शेळ्या_राखतो

धागा काढता येत न्हाई मला. पोराच्या मोबाईलवरून लिहायलोय.

मामाची_वही

मध्येच घुसतेय, राग मानू नका. आमचंही ताब्याचंच आहे पण सरकारी जमीन नाही. हिंगोलीकडं माझ्या मामाकडं पाच एकर आहे. मामाचे वडील एका मोठ्या घराण्याची जमीन कुळ म्हणून कसायचे, खंड म्हणून ज्वारीची पोती द्यायचे. मामाकडं एक वही आहे, तीत दर सालचा खंड लिहिलेला, खाली मालकाच्या मुनिमाची सही. आता मालकाच्या नातवाने कोर्टात दावा टाकलाय की हे लोक अनधिकृत घुसलेत. मामाच्या वकिलाने उत्तरात लिहिलंय, "आमचा साठ वर्षांचा ताबा आहे, विरुद्ध कब्जाने आम्ही मालक झालो." वरचं वाचून पोटात गोळा आलाय. हे पण तसंच आहे का?

उसना_काळा_कोट

तसंच आहे ताई, किंबहुना जास्त वाईट. कुळाचा ताबा मालकाच्या परवानगीचा. परवानगीने आत आलेला माणूस विरुद्ध कब्जा सांगू शकत नाही. आणि ज्या वहीने मामा कुळ ठरतात ती वही बाजूला ठेवून वकिलांनी त्यांना घुसखोर करून टाकलं, फक्त जुना घुसखोर. उत्तरात दुरुस्तीचा अर्ज द्या. "आम्ही कुळ आहोत" हे आलं की हैदराबाद कुळवहिवाट कायद्याच्या कलम ९९-अ खाली तो मुद्दा दिवाणी कोर्टाने स्वतः ठरवायचा नसतो, तहसीलदारांकडं पाठवायचा असतो. दावा तोवर थांबतो.

सजा_सोडलेला

मामाच्या बाबतीत मला बोलू द्या, हा माझा विषय. पश्चिम महाराष्ट्रातले लोक कुळकायदा म्हटलं की १९४८ चा मुंबईचा कायदा आणि त्यातलं कलम ३२-ग म्हणतात. मराठवाड्याला तो लागू नाही. आपण निजामाच्या राज्यात होतो. आपल्याला हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९५० लागू. पुण्याचा वकील केला तर त्याला हे आधी सांगा, माझ्यासमोर एकाने भर सुनावणीत ३२-ग चा दाखला मागितला होता.

या कायद्यात "संरक्षित कुळ" हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. कलम ३४. फसली १३४२ ते १३५२ या वर्षांत सलग सहा वर्षं कसलं असेल, किंवा १ जानेवारी १९४८ च्या आधी सलग सहा वर्षं, तर तो संरक्षित कुळ. फसली म्हणजे निजामाच्या दप्तरातलं साल, ते कळत नसेल तर त्यात ५९० मिळवा, इंग्रजी साल जवळपास मिळतं. संरक्षित कुळाचा हक्क वारसांना जातो, म्हणजे मामांना मिळतो. आणि पुढे कलम ३८-ई खाली सरकारने अधिसूचना काढून ठराविक मर्यादेपर्यंतच्या जमिनींची मालकी संरक्षित कुळांनाच देऊन टाकली. ते प्रमाणपत्र असेल तर कायदाच म्हणतो की मालकीचा तो निर्णायक पुरावा.

आता शोध कसा घ्यायचा. आजच्या ऑनलाइन सातबाऱ्यात बघू नका. गट नंबर नंतर आले, एकत्रीकरणात. त्याआधी सर्व्हे नंबर होते. गटाचा जुना सर्व्हे नंबर काढा, त्याने खासरा पाहणी पत्रक १९५४-५५ मागा. आपल्याकडं खासरा म्हणजे गंगाजळ. मालक कोण, कसणारा कोण, कोणत्या नात्याने, सगळं त्यात. मग संरक्षित कुळांचं रजिस्टर, मग ५५ नंतरची पाहणीपत्रकं, मग जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याचा "इतर हक्क" रकाना. बऱ्याचदा "सं. कु." एवढीच दोन अक्षरं कोपऱ्यात असतात. संगणकीकरणात टंकणाऱ्या पोराला ती कळली नाहीत की गेली.

एक बरं झालंय. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायच्या निमित्ताने न्या. शिंदे समितीच्या कामात अभिलेख कक्षातली कपाटं उघडली गेली. जी दप्तरं पाहायला पूर्वी चार चकरा आणि चहापाणी लागायचं, त्यातली बरीचशी आता स्कॅन झालीत. काही उर्दूत आहेत, काही मोडीत. उर्दूतली गावातल्या जुन्या मौलवींना दाखवा, मी तेच करायचो.

वाड्यावरची_धाकटी

सगळे कुळाच्या बाजूने बोलतात म्हणून मालकाच्या घरातली म्हणून लिहिते. आमच्या आजीला वैधव्य आलं तेव्हा पदरात दोन लहान मुलं. जमीन कसणार कोण? दिली बटईने. दहा वर्षांनी बटईदार म्हणाला मी कुळ. आजीने उरलेलं आयुष्य तहसीलच्या बाकड्यावर काढलं. आज माझे वडील एका माणसाला दोन वर्षांपेक्षा जास्त ठोक्याने जमीन देत नाहीत, चांगला राबणारा असला तरी बदलतात. त्यात रानाचंही नुकसान. दोन वर्षांसाठी आलेला माणूस शेणखत कशाला टाकेल?

मामाची_वही

ताई, तुमच्या आजीचं वाचून वाईट वाटलं. आमच्या मालकाच्या घरी विधवा-बिधवा कुणी नव्हतं. सातशे एकर होती.

वाड्यावरची_धाकटी

असेल. मी तुमच्या मामाला खोटं म्हणत नाहीये. कायद्याने दोघांना एकाच रकान्यात घातलं एवढंच म्हणतेय.

सजा_सोडलेला

अगदी एकाच रकान्यात नाही घातलं. विधवा, अज्ञान (म्हणजे वयाने लहान), अपंग मालकांसाठी या कायद्यात वेगळी तरतूद होती. पण ती वापरायला वेळेत अर्ज करावा लागे आणि अर्ज करायला कुणी सांगणारं लागे. तुमच्या आजीला ते कुणी सांगितलं नसणार. आम्हीही सांगत नव्हतो, खरं ते खरं.

जाता जाता: ३८-ई ची जमीन मिळालेले बरेच जण ती विकता येत नाही म्हणून अडून बसतात. कलम ५०-ब ची परवानगी लागायची. आता खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून परवानगीशिवाय व्यवहार होतो. आकार म्हणजे शेतसारा, तो इतका किरकोळ की चाळीस पटीतही फार होत नाही.

गल्लीतला_मेंबर

मी ग्रामपंचायत सदस्य आहे. आमच्या घराची ओसरी सरकारी जागेत आहे, वडलांनी बांधलेली. विरोधकांनी तक्रार केलीय. मी काही केलेलं नाही, तरी पद जाईल का?

उसना_काळा_कोट

जाऊ शकतं. ग्रामपंचायत कायद्याचं कलम १४(१)(ज-३). आधी २०१७ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं होतं की ज्याने स्वतः अतिक्रमण केलं तोच अपात्र. २०१८ मध्ये तीन न्यायमूर्तींनी जनाबाई प्रकरणात ते फिरवलं. घरच्यांनी केलेलं अतिक्रमण तुम्ही राहून चालू ठेवलं तरी अपात्र. ओसरी पाडायची असेल तर लवकर पाडा आणि पंचनामा करून घ्या.

गल्लीतला_मेंबर

आई ऐकायची नाही. तुळस तिथंच आहे.

बालाघाटचा_पोरगा

मंडळी, अपडेट. दोन दिवस सुट्टी टाकून गावाकडं गेलो. पेटी उपसली. दंडाच्या पावत्या एकूण अकरा निघाल्या, सगळ्यात जुनी ७५ सालची, कडेला वाळवी लागलेली पण शिक्का वाचता येतोय. आज्ज्याच्या जेलचा एक कागद पण सापडला, त्याचा केसमध्ये उपयोग नाही असं वकील म्हणाले, पण वडलांनी तो फ्रेम करायला टाकलाय.

लेखी उत्तर दिलं, पोच घेतली. विरुद्ध कब्जाचा एक शब्द लिहिला नाही. १-ई ची प्रत मागितली तर क्लार्क म्हणाला, "७७ च्या आधीची वही सापडत नाही." ७७ च्या वहीत मात्र आज्ज्याचं नाव आहे. नाव चुकलंय, "सोपान" ऐवजी "सोपाना" लिहिलंय, आणि क्षेत्र तीनऐवजी दोन एकर. ९१ नंतरच्या अर्जांच्या नोंदवहीसाठी माहिती अधिकारात अर्ज टाकला.

तहसीलमध्ये शेजारच्या गटातले बागायतदार पण भेटले. त्यांना नोटीस नाही. बांधावर मोजणी येईल म्हणून उलट तेच आमच्या बाजूने बोलायला तयार झाले, मोजणी झाली तर त्यांचा सरकवलेला बांध पण निघंल म्हणून मोजणी नको म्हणायलेत. हसावं का रडावं.

सुनावणी पंधरा दिवसांनी ठेवलीय. तोवर पेरू का नको हे वडील विचारायलेत. पाऊस झालाय.

शेळ्या_राखतो

पेरा. पण तुमच्या वरच्या बांधाकडून डोंगराकडं जायची जनावराची वाट असंल तर तेवढी सोडा. आमच्याकडं लोकं तीच आधी नांगरतात.

बालाघाटचा_पोरगा

हाय वाट. आज्ज्यानंच सोडलेली, सात-आठ हात रुंद. ती आम्ही कधी मोडली नाही.

उसना_काळा_कोट

ती वाट पुढच्या तारखेला तोंडी सांगू नका, उत्तराला पुरवणी जोडून लिहा. गावच्या गुराख्यांपैकी दोघांचं शपथपत्र मिळालं तर बघा. "सामायिक वापर अडवला" हा आरोप त्याने खोडता येतो. पेरणीबद्दल: आदेश झालेला नाही, ताबा तुमचा आहे, पेरा. फोटो तारखेसकट ठेवा.

मामाची_वही

आमच्याकडंही खासऱ्यात नाव निघालं. कसणारा म्हणून आजोबांचं, आणि पुढं उर्दूत एक शब्द आहे. मौलवीसाहेब म्हणाले "शिकमीदार" असावा, पण अक्षर पुसट आहे. काका, शिकमीदार म्हणजे कुळच ना?

सजा_सोडलेला

पोटकुळाला शिकमी म्हणायचे, पण निजामाच्या दप्तरात हा शब्द सगळीकडं एकाच अर्थाने आलेला नाही. नुसत्या शब्दावर जाऊ नका. त्याच सर्व्हेच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन-तीन वर्षांच्या पाहणीपत्रकात त्या रकान्यात काय लिहिलंय ते लावून बघा आणि फोटो इथं टाका, वरचं नाव झाकून.

बालाघाटच्या पोरा, एक राहिलं. सुनावणीला मूळ पावत्या फाईलला लावू नका. झेरॉक्स लावा, मूळ साहेबांना दाखवा, "मूळ पाहून परत दिली" असं झेरॉक्सवर लिहून सही घ्या. ७५ ची ती पावती एकदा फाईलमध्ये गेली की पुढच्या वेळी "सापडत नाही".